समुद्राकडे पाठ करून बसलेलं राज्य

महाराष्ट्र हे किनारपट्टीचं राज्य, ७२० किमीचा समुद्रकिनारा, हे आपण शाळेत घोकलेलं असतं आणि त्यात चूक काहीच नाही (हल्ली नव्या पद्धतीने मोजलं तेव्हा आकडा अजून वाढला, किनाऱ्याच्या खाचाखोचा जितक्या बारीक मोजाल तितका तो लांबतोच). पण मला हे वाक्य कायम जरा अर्धवट वाटत आलंय. केरळ घ्या, गोवा घ्या, समुद्राकडे तोंड करून बसलेली राज्यं, नकाशा बघितला तरी कळतं. आपल्याकडे कोकणाची चिंचोळी पट्टी सोडली तर उरलेलं सगळं राज्य समुद्राकडे पाठ करून बसलंय. आणि हे मी लोकांबद्दल बोलत नाहीये हां, जमिनीबद्दलच बोलतोय.

गोदावरीचंच बघा. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. कुठल्याही शहाण्या नदीने पश्चिमेला उडी मारली असती आणि दोन दिवसांत मोकळी झाली असती. ही बाई निघते पूर्वेला, नाशिक, पैठण, नांदेड करत पुढे तेलंगणा, आंध्र, असे १४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. भीमा तशीच, कृष्णा तशीच. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात, कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री, आणि त्यातली एकटी सावित्री पश्चिमेला उतरून पोलादपूर महाड करत बाणकोटच्या खाडीत जाते. बाकीच्या चौघी पूर्वेला. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, वीतभर इकडे पडला तर अरबी समुद्रात आणि वीतभर तिकडे पडला तर थेट बंगालच्या उपसागरात.

याचं कारण असं की महाराष्ट्राचं पठार पश्चिमेकडून वर उचललेलं आहे, परात एका कडेने उचलून धरावी तसं, आणि तो उचललेला काठ म्हणजे सह्याद्री.

आता इथे माझं एक जुनं भांडण आहे. सह्याद्रीला आपण पर्वतरांग म्हणतो, नकाशात तपकिरी रंगाची एक लांब पट्टी काढतो, आणि मग पोरांच्या डोक्यात हिमालयासारखं चित्र तयार होतं की एका बाजूने चढायचं, माथा गाठायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचं. पुण्याहून लोणावळ्याला गाडीने जा आणि सांगा कुठे चढलात ते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे पासष्ट किलोमीटरमध्ये जेमतेम साठ-सत्तर मीटरचा फरक, तुम्हाला गियर बदलायचीही गरज पडत नाही. आणि मग खंडाळ्याला जमीनच संपते. एकदम. खाली खोपोली, कर्जत, पाचशे-साडेपाचशे मीटर खोल. जो काही डोंगर आहे तो फक्त खालून येणाऱ्यासाठी आहे. मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादाची बँकर इंजिनं लावतात, १ः३७ चा चढ आहे ना बोर घाटात, पण पुण्याहून मुंबईकडे जाताना असलं काही ढकलावं लागत नाही. वरच्या माणसाच्या दृष्टीने सह्याद्री हा कडा आहे, जमिनीची कड. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून ज्यांनी खाली बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मागे सगळा बऱ्यापैकी सपाट माथा आणि पुढे आतल्या बाजूला वळलेला, वाटीसारखा खोबणलेला कडा, पावसाळ्यात तिथे टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याने परत वर येते.

हा काठ आला कुठून ही गोष्ट मात्र खरंच भारी आहे आणि ती आपल्याला शाळेत दीड ओळीत उरकून सांगतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकदा नाही, थरावर थर, मध्ये खूप काळ शांतता, परत थर. आज शिल्लक आहे तेच पाच लाख चौरस किलोमीटर भरतं, महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्याखाली झाकलेला. डायनोसॉर गेले तो काळ हाच, ते उल्कापाताने गेले की यानेही हातभार लावला यावर शास्त्रज्ञांची अजून जुंपलेली असते. कुठल्याही किल्ल्याकडे लांबून बघा, आडव्या पट्ट्या दिसतील, उभा काळा कडा, मग गवताचा उतार, परत कडा, परत उतार. प्रत्येक कडा म्हणजे लाव्ह्याचा एकेक घट्ट थर. मध्ये कुठेकुठे विटकरी रंगाची माती दिसते, दोन थरांच्या मधल्या शांततेच्या काळात झिजून तयार झालेली. महाराजांचे किल्ले एवढे बेलाग का, तर अर्ध्या तटबंदीचं काम या थरांनी आधीच करून ठेवलं होतं, माणसाने फक्त फटी बुजवल्या. आणि हा लाव्हा थंड होतो न होतो तोच जमिनीचे दोन तुकडे व्हायला लागले, पश्चिमेकडचा एक तुकडा सुटून निघाला, आज तो सेशेल्स बेटांच्या रूपाने हिंदी महासागरात पार तिकडे आफ्रिकेच्या बाजूला आहे. म्हणजे आपला किनारा ही एक मोडलेली कड आहे. मोडली तेव्हा कडा आजच्यापेक्षा समुद्राच्या बराच जवळ असणार, मग कोट्यवधी वर्षं पावसाने आणि छोट्या छोट्या नद्यांनी तो कुरतडत कुरतडत पूर्वेला मागे ढकलला, आणि तो मागे सरकताना पुढे जी जागा मोकळी झाली ते आपलं कोकण. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला ही कथा सगळ्यांना माहीत आहे, खरं बघता समुद्र होता तिथेच राहिला आणि डोंगर मागे हटला. कथा तरीही मला आवडते, कारण ज्याने कोणी ती रचली त्याला एवढं नक्की दिसलं होतं की ही जमीन बाकी देशापेक्षा वेगळी आहे, मागाहून आलेली आहे.

कोकण सपाट आहे असं ज्यांना वाटतं ते बहुधा फक्त अलिबागला जाऊन आलेले असतात. उत्तरेला ठीक आहे, पालघर ठाण्याकडे बऱ्यापैकी रुंद सखल पट्टी आहे. पण दक्षिणेला उतरत जा, रत्नागिरी, राजापूर, देवगड, तिथे सपाट काय आहे तर सडे. जांभ्या दगडाचे उघडे माळ, समुद्रापासून पन्नास, शंभर, दीडशे मीटर उंचीवर, आणि त्यांच्यामधून खोल चिरत गेलेल्या नद्या आणि खाड्या. म्हणजे वाडी खाली, नारळी-पोफळी खाली, व्हाळ खाली, आणि वर नुसता तापलेला कातळ. जांभा म्हणजे मूळचा काळा दगडच, लाखो पावसाळ्यांनी त्यातलं विरघळणारं ते सगळं धुऊन नेलं आणि लोखंड आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं, म्हणून तो लाल. खाणीतून काढताना मऊ असतो, कापून चिरे पाडता येतात, हवा लागली की कडक होतो. सगळं दक्षिण कोकण या चिऱ्यात बांधलेलं आहे. आणि याच सड्यांवर गेल्या काही वर्षांत कातळशिल्पं सापडत गेली, हत्ती, मासे, माणसं, काही तर पूर्ण आकाराची किंवा त्याहून मोठी, स्थानिक मंडळींनी पायपीट करून शोधलेली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गावातली म्हातारी माणसं त्यांना पांडवांची चित्रं म्हणायची आणि गुरं त्यांच्यावरून चरायला जायची. सरकारी कागदावर या जमिनीचा शेरा बहुतेक ठिकाणी पडीक असा असतो. पावसाळ्यात त्याच पडीक जमिनीवर इंचभर मातीत निळ्या-पिवळ्या फुलांचे जे गालिचे उठतात ते बघायला लोक साताऱ्याजवळच्या कासला तिकीट काढून जातात, तेही जांभ्याचंच पठार आहे, फक्त हजार मीटर वर.

खाड्यांचं तर वेगळंच. कोकणातल्या बहुतेक नद्या शंभर किलोमीटरसुद्धा पुऱ्या करत नाहीत, कड्यावरून पडल्या की धावत सुटतात आणि गाळ साठवून त्रिभुज प्रदेश वगैरे करायला त्यांना ना वेळ ना जागा. उलट समुद्रच त्यांच्या तोंडातून आत शिरलेला आहे. वाशिष्ठीत भरतीचं पाणी पार चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत येतं. त्यामुळे किनाऱ्याने उत्तर-दक्षिण प्रवास हे कोकणात कायमच संकट होतं. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर आणि रस्त्याने गेलात तर तास-दीड तास. आता फेरीबोटी आहेत, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, गाडीसकट पलीकडे, आणि मला विचाराल तर कोकण बघायची ती सगळ्यात चांगली पद्धत आहे, मुंबई-गोवा हायवेने कोकण दिसत नाही, हायवेचं काम दिसतं. कोकण रेल्वेने तर या जमिनीशी आडवं भांडण केलं. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला, रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल एकमेकांपासून फार लांब नाहीत, एकीकडे डोंगराच्या पोटात आणि दुसरीकडे हवेत. कारण सरळ आहे, इथल्या डोंगराच्या सोंडा आणि नद्या सगळ्या पूर्व-पश्चिम पडल्यात आणि रेल्वेला जायचंय उत्तर-दक्षिण.

आता पाऊस, ज्याच्याशिवाय हा काठ नुसता दगड राहिला असता.

नैऋत्येकडून आलेले ढग या कड्यावर आदळतात आणि रिकामे होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण किती पटकन रिकामे होतात ते बघायचं असेल तर जुलैमध्ये पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर चढा, महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई, आणि तसेच पुढे दहिवडीपर्यंत जा. दिवसभराचा सुद्धा प्रवास नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस, वाइपर चालू ठेवूनही समोरचं दिसत नाही. पाचगणीला आलात की तो निम्म्याहूनही खाली येतो, टेबललँडवर घोडेवाले उभे असतात. वाईत छत्री असली तरी चालते, नसली तरी चालते. घाटमाथ्यापासून वाई तीसेक किलोमीटर, आणि पाऊस साधारण एक सप्तमांश. पुढे माण तालुक्यात शिरलात की पाचशे मिमी झाला तर चांगलं वर्ष. हिरवा रंग असा पायरीपायरीने पिवळा होत जातो आणि गंमत म्हणजे वर आकाशात ढग असतातच, तेच ढग, तुमच्याबरोबर आलेले. दहिवडीकडच्या एका आजींनी एस्टीच्या थांब्यावर मला सांगितलं होतं, "ढग काय रोज जात्यात की वरनं, पाव्हणं आल्यागत. ऱ्हात कोण न्हाई." पर्जन्यछाया या विषयावर मी याहून नेमकं काही वाचलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की महाराष्ट्र समजून घ्यायचा तर तो आडवा वाचला पाहिजे, पश्चिमेकडून पूर्वेकडे. आपण कोकण, पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ, खानदेश असे तुकडे पाडतो, त्यातले काही निजामाच्या आणि इंग्रजांच्या हद्दींवरून आलेले आहेत, जमिनीला त्यांचं फारसं सोयरसुतक नाही. जमिनीच्या हिशोबाने पट्टे आहेत, खलाटी (किनाऱ्यालगतचं कोकण), वलाटी (कड्याच्या पायथ्याचं कोकण), कडा, घाटमाथा, मावळ, आणि मग देश. सातारा एक जिल्हा म्हणून मोजतात आणि त्याचा सरासरी पाऊस काढतात. एका टोकाला कोयनेचं जंगल आणि दुसऱ्या टोकाला चारा छावण्या, त्याची सरासरी काढून कुणाला काय मिळतं देव जाणे.

पठारावर आलात की गोष्ट संथ होते. कड्यापासून पूर्वेला तीन डोंगररांगा हाताच्या बोटांसारख्या निघतात, वर सातमाळा-अजिंठा, मध्ये हरिश्चंद्र-बालाघाट, खाली शंभू महादेव, आणि त्यांच्यामधून गोदावरी, भीमा, सगळ्यात खालून कृष्णा. अजिंठ्याची आणि वेरूळची लेणी याच काळ्या दगडात, आणि वेरूळचं कैलास लेणं कळसापासून खाली कोरत आणता आलं याचं थोडं श्रेय एवढ्या जाड, एकसलग थरालाही द्यायला हवं. दगड झिजून झाली काळी माती, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, वरची माती त्या भेगांत पडते आणि शेत स्वतःचं स्वतः उलथंपालथं होत राहतं. पण त्याखालचा खडक पाणी साठवायच्या बाबतीत कंजूष. बोअर लागली तर लागली, नाहीतर धूळ. लोणारच्या सरोवराबद्दल सगळ्यांनी एवढं लिहिलंय की मी फक्त इतकंच म्हणतो, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं म्हणून धावलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं की या काळ्या खडकात उल्का आदळून झालेलं, जवळपास १.८ किमी व्यासाचं विवर म्हणून जगभरचे लोक तिथे अभ्यासाला येतात.

तापी मात्र सगळ्यांच्या उलट पश्चिमेला जाते. ती पठाराच्या उतारावरून वाहत नाही, सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधल्या खचलेल्या पट्ट्यातून वाहते, आणि त्या खचात गाळ भरत भरत खोलवर गेलाय, जळगावची केळी त्याच्यावरच. तिची उपनदी पूर्णा, तिच्या काठाने अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि विहिरीला खारं पाणी, जमीन काळीभोर, पण त्या पाण्याने भिजवली की बिघडते, आणि प्यायलं तर किडनीचे आजार. कोकणात समुद्रालगतच्या विहिरींना गोडं पाणी असतं आणि अकोल्यात खारं, याचा राग यावा की आश्चर्य वाटावं कळत नाही.

आणि नागपुरात लाव्हा संपतो. सीताबर्डीची टेकडी अजून काळ्या दगडाची, पण शहराच्या पूर्वेला गेलात की तो नाहीसा होतो आणि खालची खूप जुनी जमीन उघडी पडते. भंडारा, गोंदियाचे मालगुजारी तलाव, धानाची शेती, चंद्रपूरचा कोळसा, गडचिरोलीचं लोखंड, हे सगळं त्या जुन्या जमिनीचं. सिरोंचाकडे तर डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेली झाडं सापडलीत. काळ्या दगडावर वाढलेल्या माणसाला पूर्वेकडच्या या झाडीपट्टीत गेल्यावर परराज्यात आल्यासारखं वाटतं त्याचं हे एक कारण असावं. कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा दगड संपून खाली ग्रॅनाइट लागला. म्हणजे ती जुनी जमीन आपल्या सगळ्यांच्याच पायाखाली आहे, पूर्वेला ती उघडी आहे एवढंच.

कोयनेचं नाव निघालंच आहे तर. हा काठ माणसाने जसाच्या तसा राहू दिलेला नाही. टाटांनी १९१५ मध्ये लोणावळ्याच्या वरचं पाणी तलावांत अडवून खोपोलीला खाली सोडलं आणि वीज केली, मग भिवपुरी, मग मुळशीचं पाणी भिऱ्याला, ज्याच्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. नंतर कोयना. पूर्वेला जाणारी नदी अडवली, कड्याच्या पोटातून बोगदे काढले आणि पाणी खाली चिपळूणजवळ पोफळीला पाडलं, वर्षाला साधारण ६७ टीएमसी (अब्ज घनफूट), तिथून ते वाशिष्ठीत आणि समुद्रात. १९६७ च्या डिसेंबरात तिथे मोठा भूकंप झाला, धरणातल्या पाण्याच्या भाराशी त्याचा संबंध जगभर अभ्यासला जातो. म्हणजे बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी आपण अरबी समुद्रात वळवलं, कारण कड्यावरून पडताना ते वीज देतं.

आणि आता योजना काय, तर पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांचं पाणी पूर्वेला न्यायचं. नार-पार-गिरणा, दमणगंगा-एकदरे-गोदावरी, दर निवडणुकीला नावं ऐकू येतात. त्यातलं बरंचसं पाणी पंपाने त्याच काठावरून वर उचलायचंय, अर्थात वीज जाळून. एका जागी पाणी पाडून वीज करायची आणि दुसऱ्या जागी वीज खर्चून पाणी चढवायचं, दोन्हीही एकाच कड्यावर, आणि या दोन्हींचा जमाखर्च एका कागदावर मांडलेला मला कुठे दिसलेला नाही. बीडमधल्या बाईला युनिटचा हिशोब सांगण्यात अर्थ नाही हे मान्य, तिला मे महिन्यात हंडा भरायचाय. पण मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर दोन-अडीच हजार मिमी पाऊस पडून मे महिन्यात टँकरच येतो, तिकडे शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जातं आणि तानसा-भातसाच्या आसपासच्याच वाड्यांवर टँकर फिरतो. उतार असा की पडलेलं थांबत नाही. त्या पाण्याला कागदोपत्री 'समुद्रात वाया जाणारं' म्हणतात, आणि ते उचलून कुठे न्यायचं हे ठरवताना पाड्यावरच्या लोकांना आधी तुमच्या टाक्या भरून देऊ असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.